लिंकांचं सोयर

तिला पहिल्याच दिवशी कपबशीतून कॉफी मिळाली. सोनेरी काठाची ती कपबशी अक्का फक्त पाहुण्यांसाठी काढायच्या. मी त्या घरात वर्षानुवर्षं काढली होती, तरी माझी कॉफी स्टीलच्या पेल्यातच यायची. कॉफी तीच, एकाच पातेल्यातली. पण त्या दिवशी पेला तोंडाला लावला आणि ती मला कडू लागली.

अक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. चामराजपेटमधल्या त्यांच्या घराच्या पुढच्या भागात उदबत्त्यांचं दुकान होतं, मागच्या शेडमध्ये बायका उदबत्त्या वळायच्या, आणि मधल्या खोल्यांमध्ये अक्का आणि त्यांचे यजमान राहायचे. यजमानांना सगळी पेठ अण्णा म्हणायची. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं की गाव कुठलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. अक्कांच्या मराठीत ‘सरी’ म्हणजे बरं, ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, हे कानडी शब्द तर कढीतल्या कढीपत्त्यासारखे असायचे. मला त्या ‘मगा’ म्हणायच्या. लेकरू, असा त्याचा अर्थ. शेडमधल्या बाकी बायकांना त्या नावानं हाक मारायच्या, मला मात्र मगा. घरापासून इतक्या लांब आलेल्या मुलीला असा एखादा शब्द किती पुरतो, ते लांब गेलेल्यांनाच कळेल.

मी सांगली जिल्ह्यातली, खानापूरकडची. नववीत शाळा सुटली. माझे मामा गलाईच्या धंद्यात. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली असतात, तसे ते बेंगळुरात नगरतपेटेत होते. मामीला मुलं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला आणलं. मुलं शाळेत जायला लागली आणि मी अक्कांच्या शेडमध्ये उदबत्त्या वळायला बसले, पुढे राहायलाही त्यांच्याकडेच आले. पाटावर काडी ठेवायची, काळ्या पिठाचा गोळा तळहातानं तिच्यावर फिरवायचा. एकदा अक्कांनी मला पाकिटावरची इंग्रजी अक्षरं लावत बसलेली पाहिलं. ‘वाचता येतं होय गं, मगा?’ एवढंच विचारलं, आणि पुढच्या महिन्यात मला राजाजीनगरच्या टायपिंगच्या क्लासला घातलं. फी त्यांनी भरली, बसचा पास त्यांनी काढला. मी शिकले ते भीत भीतच. एक अक्षर चुकलं तरी वाटायचं, आता अक्का म्हणतील की पुरे झालं, जा परत पाटावर.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा दुकानात कॉम्प्युटर आला. अण्णांच्या पुतण्यानं दुकानाची वेबसाईट करून दिली आणि तो नोकरीसाठी सिंगापूरला निघून गेला. त्या खुर्चीवर मग मी बसायला लागले. टेलिफोनची वायर मोडेमला जोडायची, त्याची ती खरखर-किंकाळी संपेपर्यंत श्वास धरून बसायचं, आणि आलेल्या ई-मेल डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायच्या. परदेशातल्या छोट्या छोट्या दुकानांना आमच्या उदबत्त्या हव्या असायच्या. सर्च इंजिनमध्ये ‘बेंगळूर, उदबत्ती’ असं इंग्रजीत लिहिलं की आमचं दुकान पहिल्याच पानावर यायचं. रोज सकाळी मी ते लिहून बघायची. आपलं नाव तिथं आहे, म्हणजे आपण इथं आहोत, असं काहीसं ते होतं. खुर्चीवर बसण्याआधी मी साबण लावून हात धुवायची, तरी नखांतलं काळं जायचं नाही आणि की-बोर्डवरची अक्षरं काळवंडायची.

आता लिंकांचं सांगते. लिंक म्हणजे एका वेबसाईटच्या पानावरून दुसऱ्या वेबसाईटकडे जायचं दार. त्या दिवसांत परक्या लोकांच्या ई-मेल यायच्या: ‘आम्ही आमच्या पानावर तुमच्या दुकानाची लिंक लावली आहे, तुम्हीही आमची लावा.’ मी पहिली अशी ई-मेल अक्कांना वाचून दाखवली तेव्हा संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. बेंगळुरात संक्रांतीला मुली नटूनथटून घरोघरी एळ्ळु-बेल्ला वाटत फिरतात. तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, साखरेची चित्रं. ज्या घरी ताट जातं, त्या घरातून ताटात काहीतरी परत येतं. रिकामं ताट परत पाठवलं तर वर्षभर बोलतात.

‘त्यांनी आपलं नाव लावलंय का?’ अक्कांनी विचारलं.

‘लावलंय, अक्का.’

‘मग आपणही लावायचं. दाराशी ताट घेऊन आलेल्याला रिकामं पाठवतो का आपण?’

त्या एका वाक्यावर आम्ही वर्षभर लिंका लावल्या. ‘आमचे स्नेही’ असं एक पानच केलं. त्यावर केस उगवण्याचं तेल आलं, जुगाराच्या साईट आल्या, घरबसल्या श्रीमंत व्हा म्हणणारे आले, एका माणसाचे नुसते कुत्र्याचे फोटो आले. एकेक जण आपल्या ओळखीच्या पन्नासांना सांगायचा, आणि ते पन्नास दुसऱ्या दिवशी दारात. अक्का कुणालाच नाही म्हणायच्या नाहीत. मला तर ते फार आवडायचं. जगभरातल्या कुणाकुणाच्या पानावर आमचं नाव होतं, आणि ते सगळं माझ्या हातून झालेलं.

मग एके सकाळी पहिल्या पानावर आमचं दुकान नव्हतं. दुसऱ्यावर नव्हतं. मी पुढे पुढे जात राहिले, उदबत्तीशी काहीच संबंध नसलेल्या पानांपर्यंत गेले. मोडेम काढून पुन्हा लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुकानाचं पूर्ण नाव लिहिलं, तरीही नाही. जणू आम्ही कधी नव्हतोच.

तिकडून चौकशा येणं हळूहळू थांबलं. शेडमधल्या बायकांचं चाललंच होतं, कारण इथल्या देवळांना आणि दुकानांना माल जायचाच. रिकामी झाली ती माझी खुर्ची. रविवारी मामांकडे जेवायला गेले तेव्हा मामा म्हणाले, ‘काय गं, त्या डब्यातली भायेरची गिऱ्हाइकं बोलायची थांबली म्हणत्यात?’

‘होतंय सुरू, मामा.’

‘व्हवू दे की. पर एक सांगून ठेवतो. आपल्याच धंद्यातला पोरगा हाय, कोइमतूरला दुकान हाय. तुजी आई माज्या मागं लागलीया. दिवाळीपातूर बघू तुजं काम. न्हाईतर गावाकडं सोडून येतो तुला, मग काय ते तुमी ठरवा.’

मामी भात वाढत म्हणाली, ‘तिला काय विचारता? उदबत्त्या वळायला कोइमतुरात पण जागा असंल.’ आणि हसली. तिचं तसं वाईट काही नव्हतं मनात. पण मी ताट तसंच ठेवून उठले.

तेव्हा ती आली. अण्णांच्या ओळखीचे एक साहेब होते, पुण्याचे, हेब्बाळकडे सरकारी संशोधन संस्थेत. त्यांची मुलगी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आमची वेबसाईट बघायला अण्णांनी तिला बोलावलं होतं. माझ्याच वयाची असेल. जीन्स, खांद्यापर्यंतचे केस, आणि नखं अशी स्वच्छ की मी माझे हात ओढणीखाली घेतले. आल्या आल्या ती अक्कांना ‘काकू’ म्हणाली. अक्का म्हणाल्या, ‘काकू नको गं, अक्काच म्हण. सगळे म्हणतात. बस, मगा.’

मगा.

मला त्यांना ‘अक्का’ म्हणायला वर्ष लागलं होतं. त्याआधी मी ‘बाई’ म्हणायची. आणि हिला दारातच दोन्ही मिळालं, वर कपबशी.

ती माझ्या खुर्चीवर बसली, मी शेजारच्या स्टुलावर. आमचं ‘आमचे स्नेही’ पान बघून तिनं आधी हसू दाबलं. मग ते दाबता येईना.

‘अगं, हे कॅसिनोवाले तुमचे स्नेही आहेत?’

‘त्यांनी आधी आमचं लावलं होतं,’ मी म्हटलं.

‘तोच तर बेसिकली प्रॉब्लेम झालाय.’ मग तिनं समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर छानच समजावलं. ज्याच्या दुकानाकडे पुष्कळ लोक बोट दाखवतात ते दुकान चांगलं, असं ते सर्च इंजिन समजायचं. मग लोकांनी टोळ्या केल्या: तू माझ्याकडे बोट दाखव, मी तुझ्याकडे. ते लक्षात आल्यावर सर्च इंजिनवाल्यांनी अशा टोळ्यांना शिक्षा करायला सुरुवात केली. टोळीत जो सापडेल त्याचं नाव काढून टाकायचं. आम्ही त्यात सापडलो होतो. ‘आता दोन गोष्टी करायच्या. आपल्या पानावरच्या लिंका काढायच्या, ते आजच करू. आणि या सगळ्यांना लिहायचं की तुमच्या पानावरून आमची लिंक काढा. मग सर्च इंजिनला कळवायचं की बघा, आम्ही साफ झालो.’

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहराच बदलला.

‘अय्यो! दिलेलं एळ्ळु परत मागायचं? आणि त्यांनी दिलेलं उचलून टाकायचं? ते नाही जमायचं. दुकान बंद पडलं तरी चालेल.’

खरंच म्हणत होत्या त्या. मला आधी आतून एकदम बरं वाटलं. हरली ही, शहाणी. इतकी वर्षं मी अक्कांना ओळखत होते. आता त्या हलणार नाहीत, हे मला माहीत होतं. आणि लगेच कोइमतूर आठवलं. तिनं जिंकावं असंही मला वाटत होतं आणि ती जिंकलेली मला बघवणारही नव्हती. त्या काही महिन्यांत मी रोज अशी दोन्हीकडून जळत होते, दोन्ही टोकांनी पेटवलेल्या काडीसारखी.

तिनं खुर्ची अक्कांकडे वळवली. मग म्हणाली, ‘अक्का, तुमच्याकडे हळदीकुंकू असतं ना? समजा, नेमकं तेव्हा घरात सुतक आलं. मग काय करता?’

‘निरोप धाडतो. येऊ नका म्हणून.’

‘बायकांना राग येतो?’

‘राग कसला? अडचण कुणाला चुकलीय.’

‘मग आपण तेवढाच निरोप धाडायचा. तुमचं काही चुकलं नाही, आमच्याकडे अडचण आहे, आमचं नाव काही दिवस काढून ठेवा.’

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. ‘सरी,’ त्या म्हणाल्या. दोन पावलं आत गेल्या आणि परत आल्या. ‘पण सुतक नको हां म्हणू. धंद्याला कशाला सुतक? सोयर म्हण. कुणीतरी जन्मलंय म्हणावं.’

‘सोयर तर सोयर!’ ती खो खो हसली, आणि अक्काही हसल्या.

मी नाही हसले. पुण्याच्या मुलीला, जिच्या घरी हळदीकुंकू होत असेल की नाही देव जाणे, हे सुचलं कसं? आणि मला, अक्कांच्या प्रत्येक हळदीकुंकवाला बायकांच्या पायांवर पाणी घालणारीला, का नाही सुचलं? तिचं इंग्रजी मला येत नव्हतं, तिचं कॉम्प्युटरचं ज्ञान मला नव्हतं, त्याचं इतकं वाटलं नव्हतं. पण अक्का तरी माझ्या होत्या.

‘आमचे स्नेही’ पान त्याच दिवशी कोरं झालं. मग आमचं सोयर सुरू झालं. ती कॉलेज सुटल्यावर बसनं यायची, कोणाकोणाच्या पानावर आमचं नाव आहे ते शोधून काढायची. तिनं लिहिलेलं पत्र मी एकेकाला पाठवायची. पत्र छोटं होतं, साधं, कुणाला न दुखावणारं. अण्णा कुणाला तरी फोन लावायला यायचे आणि आमची लाईन तुटायची. ‘अण्णा, स्वल्प थांबा की!’ ती ओरडायची, आणि अण्णांना त्याचं कौतुक. मी कधी अण्णांना थांबा म्हटलं नव्हतं. लाईन तुटली की मी निमूट पुन्हा जोडायची.

काही लोकांनी लगेच काढलं. काहींचे पत्ते खोटे निघाले, पत्रं परत आली. कुत्र्याच्या फोटोवाल्यानं मात्र लिहिलं की बाळाला शुभेच्छा. तिनं पत्रात खरोखरच ‘घरात नवीन पाहुणा आल्यानं’ असं लिहिलं होतं. अक्कांनी मात्र ते उत्तर दोनदा वाचून घेतलं.

मग कॅनडातल्या मेणबत्तीवाल्या बाईंचा विषय निघाला.

त्या बाईंचं थंडीच्या मुलखात छोटं दुकान होतं. त्या खरंच आमच्या उदबत्त्या घ्यायच्या, आणि अधूनमधून नुसतंच लिहायच्या: बर्फ पडलाय, दारात तुमची चंदनाची उदबत्ती लावलीय. मला ‘मॅडम’ लिहायच्या. मला मॅडम म्हणणारं जगात एवढं एकच माणूस होतं. त्यांचंही पान असल्याच लिंकांनी भरलेलं होतं, आमच्यासारखंच, भिडेपोटी.

‘हिलाही लिहावं लागेल,’ ती म्हणाली.

‘यांना नको.’

‘अगं, तिचं पान सगळ्यात वाईट आहे.’

‘त्या आमच्या गिऱ्हाईक आहेत. माझ्या ओळखीच्या आहेत.’

‘म्हणूनच त्या समजून घेतील.’

‘तुम्हाला काय जातंय!’ मी म्हटलं. मी तिला शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणत राहिले, ती कितीदा तरी म्हणाली, तू म्हण. ‘तुम्ही येणार, चार दिवसांनी जाणार. एक होतं माझं, तेही काढा.’

तिनं की-बोर्ड स्वतःकडे ओढला. मग तिनं पत्राखाली आम्हा दोघींची नावं घातली. तिचं वर, माझं खाली. आणि मला म्हणाली, ‘पाठवायचं की नाही ते तू ठरव.’

दिवाळी जवळ येत होती. मी पाठवलं.

उत्तर आलं. बाईंनी आमचं नाव काढलं होतं, आभारही मानले होते. त्यांचंही दुकान सर्च इंजिनमधून गायब झालं होतं आणि कारण त्यांना कळत नव्हतं. आता कसं साफ करायचं ते सांगाल का, असं विचारलं होतं. म्हणजे हिचं बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. फक्त ते उत्तर तिच्या नावानं आलं होतं. माझं नाव खाली होतं ना, बहुधा दिसलं नसेल. पुढचे कित्येक दिवस त्या दोघींच्याच ई-मेल चालू राहिल्या, आणि त्या छापून फाईलला लावायचं काम माझं.

शेवटी तिनं सर्च इंजिनवाल्यांना लिहिलं की आम्ही झाडून-पुसून घेतलंय, पुन्हा बघा. तिकडून ठोकळेबाज उत्तर आलं, पाहू म्हणून. त्यानंतर नुसती वाट. तिची परीक्षा होती, ती येईनाशी झाली. मी रोज सकाळी हात धुऊन बसायची आणि तेच शब्द लिहायची. मामांनी कोइमतूरच्या मुलाचा फोटो आणून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. फोटो मी डिक्शनरीत ठेवला आणि डिक्शनरी उघडावी लागेल असा शब्द येऊ नये म्हणून प्रार्थना करत राहिले.

आणि एके सकाळी आम्ही होतो. पहिल्या पानावर नव्हे, बरंच खाली, पण होतो. दुकानाचं नाव, चामराजपेट, बेंगळूर. मी पडद्यावर बोट ठेवून ते नाव वाचलं. पडद्यावर काळा ठसा उमटला.

ही बातमी तरी माझी होती. मी धावत स्वयंपाकघरात गेले. ‘अक्का! सोयर फिटलं! आलं आपलं नाव!’

अक्कांनी कढईखालचा गॅस बंद केला, देवाकडे बघून हात जोडले, आणि म्हणाल्या, ‘लाव, लाव, तिला फोन लाव. आधी तिला सांग!’

मी लावला. काय करणार? तिकडून ती किंचाळली, इकडे अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला, आणि मी परत येऊन खुर्चीवर बसले.

दिवाळीच्या सुमाराला चौकशा यायला लागल्या. मामा एकदा दुकानात येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेले. मी उत्तरं टाईप करत होते. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण थोडा वेळ मागं उभे राहिले. ‘बरं चाललंय की,’ म्हणाले, आणि जाताना फोटो मागून घेऊन गेले.

पुढच्या पावसाळ्यात ती अमेरिकेला शिकायला निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हा अक्कांनी तिला पाटावर बसवलं. हळदकुंकू लावलं, केसांत मोगरा माळला, आणि ओंजळीत तांबूल घातलं: विड्याची पानं, सुपारी, नारळ, आणि वर रेशमी खण. शेड सोडून सगळ्या बायका बघायला आल्या होत्या. ती अक्कांच्या पाया पडली, रडली. जाताना माझा काळा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, ‘खुर्ची सांभाळ.’ मी ‘हो’ म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं. तिनं मला गावाकडे जाण्यापासून वाचवलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तोंडातून निघालं नाही.

ती गेल्यावर मी कपबशी विसळत होते. सोनेरी काठाचीच. मला राहवलं नाही.

‘अक्का, मला तुम्ही कधी तांबूल नाही दिलंत.’

इतक्या वर्षांत त्यांच्याकडे मी मागितलेली ती पहिली गोष्ट. बोलले आणि घाबरले. यांनी शिकवलं, खाऊ घातलं, आणि मी काय बोलून बसले. अक्कांनी वळून पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

‘जाणाऱ्याला देतात गं ते,’ त्या म्हणाल्या. ‘तू कुठं निघालीस?’

आणि माझा स्टीलचा पेला भरून, फुंकर घालून, माझ्यापुढे ठेवला.

मी कॉफी प्यायले. गरम होती, गोड होती. त्या घरात पुढेही कितीतरी वर्षं मी त्याच पेल्यातून प्यायले, आणि दुसऱ्या कशातून प्यावीशी पुन्हा वाटली नाही.

खण मोरपंखी होता मात्र, लाल काठाचा. तो रंग तिच्यापेक्षा मला जास्त शोभला असता.